सोया सॉसची एक बाटली आणि घरातलीच शेंगाची चटणी: नवशिक्यांसाठी हलकं आशियाई रात्रीचं जेवण

सोलापुरात 'चायनीज' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती संध्याकाळी चौकात लागणारी लाल गाडी, भट्टीचा घर्रर्र आवाज आणि लालभडक मंच्युरियन. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू? पण अण्णांचं बीपी वाढलं, डॉक्टरांनी मीठ आणि तेल दोन्हीवर बोट ठेवलं आणि गाडीवरचं पार्सल आमच्या घरी बंद झालं. भाकरी-पालेभाजी होतीच. पण पुण्यात आठ वर्षं काढून आलेली माझी जीभ आठवड्यातून एकदा तरी वेगळं काही मागायची. त्या हट्टापायी मी शिकलो. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची आणि अण्णा ताटावर बसून निकाल द्यायचे.

चीन, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांतल्या घरांत रोज जे शिजतं त्याचा गाडीशी फारसा संबंध नाही, हे शिकताना पहिल्यांदा कळलं. भात किंवा नूडल्स, झटपट परतलेली नाहीतर वाफवलेली भाजी, एखादं पातळ सूप आणि जोडीला थोडा टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर), अंडं, मासा किंवा चिकन. तळण रोज नसतं. म्हणजे हिशेब आपल्या वरणभात-भाजीसारखाच, फक्त फोडणी वेगळी.

ज्यांनी सोया सॉसची बाटली कधी उघडलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. चार आठवडे घ्या आणि दर आठवड्याला एकच पदार्थ करा. पहिल्याच दिवशी पाहुण्यांना बोलावू नका.

आधी सामान

विकत तीनच गोष्टी आणायच्या: सोया सॉस, साधं व्हिनेगर आणि राईस नूडल्स. नवी पेठेतल्या किंवा तुमच्या भागातल्या बऱ्यापैकी मोठ्या किराणा दुकानात तिन्ही मिळतात. चिली सॉस, शेजवान सॉस, मंच्युरियन मसाला यांपैकी काही नको. त्यात मीठ, साखर आणि रंग भरपूर असतो, आणि ते घातलं की सगळे पदार्थ एकाच चवीचे लागतात.

सोया सॉस घेताना बाटली उलटी करून लेबल वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेलं असेल तर तो रीतसर आंबवून केलेला. रंगासाठी कॅरॅमल आणि बाकी लांबलचक यादी दिसली तर परत ठेवा. आणखी एक फसगत टाळा. 'लाइट' सोया सॉस म्हणजे कमी मिठाचा नव्हे. लाइट म्हणजे रंगाने फिका, चवीला उलट जास्त खारट. डार्क असतो तो मुख्यतः रंगासाठी. घरी एकच ठेवायचा तर लाइट ठेवा.

मिठाचा हिशेब इथेच मांडतो, कारण माझी पहिली चूक तीच होती. एका टेबलस्पूनभर, म्हणजे १५ मिली सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मिठाच्या भाषेत दोन ग्रॅमच्या वरच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. मी पहिल्या दिवशी सवयीने भाजीला मीठ घातलं आणि वर तीन चमचे सोया सॉस ओतला. अण्णांनी एक घास घेतला, तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "समुद्र जवळ आला की रे सोलापूरच्या!" तेव्हापासून नियम असा: तीन माणसांना एक टेबलस्पून सोया सॉस, आणि ज्यात तो पडला त्यात मिठाचा डबा उघडायचा नाही. चव कमी वाटली तर लिंबू पिळा. आंबटपणाने मिठाची उणीव बरीच झाकली जाते.

अजिनोमोटोबद्दल हमखास विचारलं जातं. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सुपातून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्याची ही पावडर. तोच घटक पिकलेल्या टोमॅटोत आणि मशरूममध्येही असतो. सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश. ते विष आहे असं मी म्हणणार नाही. पण घरात टोमॅटो, मशरूम आणि आंबवलेला सोया सॉस असताना लागतंय कशाला?

बाकीचं सामान घरातच आहे. लसूण, आलं, लिंबू, गूळ, तीळ, चिंच आणि शेंगाची चटणी. गवती चहा कुंडीत असेल तर थायलंडचा निम्मा रस्ता संपला, कारण लेमनग्रास म्हणून मॉलमध्ये महाग विकतात तो हाच. लक्ष्मी मंडईतून कोबी, गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात आणि मोड आलेले मूग घ्या. ब्रोकली मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर दोडका घ्या, वाईट वाटून घेऊ नका. कोवळा दोडका लसणावर परतला की मऊ-गोड होतो, आणि चीनमध्येही दोडका खातातच.

तेलाबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे घाण्यावरचं करडईचं तेल आवडीने आणतात आणि भाकरीबरोबर चटणीवर ते झकासच लागतं. पण हे तेल मोठ्या आंचेवर फार लवकर धुरावतं. परतण्यासाठी रिफाइंड शेंगदाणा तेल वापरा, घाण्याचं चटणीला ठेवा. चिनी पदार्थात शेवटी थेंबभर घालतात ते तिळाचं तेल भाजलेल्या तिळाचं असतं, म्हणून त्याला तो खमंग वास येतो. आपलं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नाही. वेगळी बाटली घेण्यापेक्षा संक्रांतीतले उरलेले तीळ भाजून, चुरडून वर टाका. काम भागतं.

पहिला आठवडा: मोठ्या आंचेवर परतलेली भाजी

हे एक जमलं की पुढचं निम्मं जमलं, म्हणून इथे जरा थांबतो.

माझी पहिली भाजी कशी बिघडली ते सांगतो. अर्धा किलो कोबी, गाजर, ढोबळी मिरची सगळं एकदम कढईत टाकलं. मिनिटभरात तळाशी पाणी सुटलं, भाजी त्यात बुडबुडायला लागली आणि दहा मिनिटांनी मऊ लगदा झाला. आई म्हणाली, "ही तर आपली कोबीची भाजीच झाली की. मोहरी तेवढी राहिली."

कारण साधं आहे. गाडीवरची भट्टी जी आग देते ती आपल्या घरच्या शेगडीला कधीच देता येत नाही. थंड, ओली भाजी ढीगभर पडली की कढईचं तापमान धाडकन उतरतं. मग भाजी परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजते. आंच वाढवता येत नसेल तर भाजी कमी करा. दोन वेळा थोडी थोडी परता, एवढंच त्याचं गुपित.

तीन माणसांसाठी पाव किलो कोबी, दोन गाजरं, मूठभर फरसबी, एक ढोबळी मिरची आणि कांद्याच्या पातीची छोटी जुडी पुरे. भाजी कापण्याआधी धुवा आणि कोरडी करा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे धुतलेलं पाणी मी गवती चहाच्या कुंडीत ओततो. भाजी कोरडी करायला टर्किश टॉवेल काढा. गावभर मिळतो, पाणी शोषायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त स्वयंपाकाचा वेगळा ठेवा. अंघोळीचा घेतलात तर आईकडून जे ऐकावं लागतं ते मी ऐकलंय.

टोफू घालणार असाल तर २०० ग्रॅमची वडी त्याच टॉवेलच्या घडीत गुंडाळा आणि वर वरवंटा ठेवा. पंधरा मिनिटांनी घडी ओलीचिंब झालेली दिसेल. एवढं पाणी निघालं नाही तर टोफू तेलात फुटतो आणि चिकटतो. टोफू नाही मिळाला तर पनीर घ्या, पण पनीरमध्ये चरबी बरीच जास्त असते, तेव्हा १०० ग्रॅमवर थांबा. चिकन असेल तर बोटाएवढे पातळ तुकडे करा आणि त्याला चमचाभर कॉर्नफ्लॉर, चमचाभर सोया सॉस लावून पंधरा मिनिटं ठेवा. चिकन मऊ राहतं. इथे वापरलेला सोया सॉस एकूण हिशेबातून वजा करायला विसरू नका.

शेगडी पेटवण्याआधी वाटीत रस्सा कालवून ठेवा: सोया सॉस एक टेबलस्पून, व्हिनेगर एक छोटा चमचा, चिमूटभर गूळ, कॉर्नफ्लॉर एक छोटा चमचा आणि गार पाणी चार टेबलस्पून. पाणी गारच हवं, गरम पाण्यात कॉर्नफ्लॉरच्या गुठळ्या होतात. लसणाच्या आठ पाकळ्या आणि इंचभर आलं बारीक चिरून बाजूला ठेवा. एकदा सुरुवात झाली की चिरायला वेळ मिळत नाही.

आता लोखंडी कढई कोरडीच तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो थयथय नाचत पळाला पाहिजे. नुसता चुर्र होऊन तिथेच विरला तर अजून तापू द्या. मग दोन छोटे चमचे तेल सोडा आणि टोफू किंवा चिकन टाका. टाकल्या टाकल्या हलवू नका. खालची बाजू सोनेरी झाली की ते आपोआप सुटतं. चिकन आतपर्यंत शिजू द्या, मग काढून ठेवा. पुन्हा चमचाभर तेल, मग गाजर आणि फरसबी, दोन मिनिटं सतत हलवत. काढा. नंतर कोबी आणि ढोबळी मिरची, एक-दीड मिनिट. आता सगळं परत कढईत घ्या, मधे थोडी जागा करून तिथे आलं-लसूण टाका. लसूण सुरुवातीला टाकला तर या आंचेवर जळून कडू होतो. वास सुटला की वाटीतला रस्सा तळाशी एकदा ढवळून घ्या आणि भाजीवर न ओतता कढईच्या कडेने सोडा. तो तापलेल्या लोखंडाला लागून चरचरतो, गाडीवरच्या वासाच्या जवळ जाणारं घरी एवढंच जमतं. अर्ध्या मिनिटात रस चकचकीत होतो. पात टाका, गॅस बंद करा.

भाजी लगेच ताटात काढा. लोखंडी कढईत व्हिनेगरचा रस राहिला की भाजी काळी पडते आणि लोखंडाची चव येते.

सोबत भात ठीकच आहे. पण अण्णांसाठी मी आख्खी ज्वारी करतो, आणि आता मलाही तीच आवडते. मालदांडी ज्वारी रात्रभर भिजवायची, कुकरला एक शिट्टी झाली की बारीक आंचेवर अर्धा तास. दाणा फुटला पाहिजे, पण दाताखाली आला पाहिजे. चाळणीत निथळून ताटात पसरवा आणि गार करा. दुसऱ्या दिवशी वरच्याच पद्धतीने भाजी परतली आणि शेवटी ही ज्वारी टाकली की फ्राइड राईसला तोडीस तोड होतं, आणि भातासारखं चिकटतही नाही. हुरड्याच्या दिवसांत कोवळा हुरडा टाकून एकदा बघा. अण्णांनी त्या दिवशी ताट पुसून खाल्लं आणि "जमलंय की" एवढंच म्हणाले.

दुसरा आठवडा: शेंगाच्या चटणीच्या नूडल्स

शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडांतून आलेले पाहुणे. ते इंडोनेशियात उतरले आणि साते (काडीला लावून भाजलेलं मांस), गाडो-गाडो (उकडलेल्या भाज्यांचं सॅलड) यांवरचा शेंगदाण्याचा रस्सा झाला. आपल्याकडे आले आणि उखळात कुटून शेंगाची चटणी झाली. त्यामुळे परदेशी पीनट बटरची बाटली घेण्याआधी घरातला चटणीचा डबा बघा. भाजलेले दाणे कुटता कुटता तेल सोडतात, म्हणून चांगली सोलापुरी चटणी बोटाने दाबली की गोळा होतो. आपल्याला तशीच हवी. कोरडी, भुरभुरीत असेल तर मिक्सरमध्ये एक-दोन वेळा फिरवून घ्या.

चार टेबलस्पून चटणीत दोन छोटे चमचे सोया सॉस, एका लिंबाचा रस, छोटा चमचा गूळ आणि अर्धी वाटी गरम पाणी थोडं थोडं घालत फेटा. आधी ते फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, फेटत राहा. पातळ पिठल्याएवढं झालं की थांबा. चटणीत मीठ, तिखट, लसूण, जिरं आधीच आहे, म्हणून सोया सॉस नेहमीपेक्षा कमी. हे प्रमाण तीन जणांचं. जास्त चोपडू नका, १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. प्रथिनं साधारण २५ ग्रॅम मिळतात हा फायदा, पण हात आवरता हवा.

राईस नूडल्स उकळायच्या नाहीत. उकळतं पाणी गॅसवरून उतरवून त्यात बुडवून ठेवा. बारीक असतील तर चार मिनिटांनी, चपट्या असतील तर आठ मिनिटांनी एक तार चावून बघा. मधे किंचित कच्ची असतानाच निथळा आणि गार पाण्याखाली धरा. मग किसलेलं गाजर, उभी चिरलेली काकडी, वाफवलेले मोड, पात आणि हा रस्सा घालून हाताने कालवा. नूडल्सपेक्षा भाजी दुप्पट दिसली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की शेगडीजवळ उभं राहवत नाही, तेव्हा आमच्याकडे हा पदार्थ वरचेवर होतो.

लिंबाऐवजी चिंच वापरायची युक्ती शेजारच्या तेलुगू अक्कांची. आमचं मूळ घर सोलापूरच्या पूर्व भागात, तिथे आंबट-गोड-तिखट पुलुसू, म्हणजे चिंचेचा रस्सा, वाटीने घरी यायचं. अक्का मीठ नेहमी सगळ्यात शेवटी घालायच्या: "आधी चिंच, मग गूळ, मग तिखट. तिन्हींचं भांडण मिटलं की मिठाला बोलवायचं." थाई जेवणाचं तंत्र यापेक्षा वेगळं नाही.

तिसरा आठवडा: पेज आणि सूप

यात शिकण्यासारखं थोडं आहे, कारण कण्या तुम्हाला येतात. तांदूळ भरपूर पाण्यात फुटेपर्यंत शिजवून केलेली पातळ पेज चीनमध्ये घरोघरी खातात, आजाऱ्यालाही तीच देतात. आपण ज्वारीच्या कण्या घ्यायच्या. एका वाटीला सात वाट्या पाणी आणि आल्याच्या चार चकत्या, अर्धा-पाऊण तास मंद आंच, अधूनमधून तळाशी ढवळायचं. ताक न घालता वर पात, भाजलेले तीळ, उकडलेलं अंडं आणि थेंबभर सोया सॉस. बस.

अंड्याचं सूप त्याहून सोपं. आलं-लसूण, चार मशरूम आणि एक टोमॅटो चार वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, वाटीभर चिरलेला पालक टाका, दोन छोटे चमचे सोया सॉस घाला. आंच कमी करा आणि फेटलेलं अंडं काट्याच्या चमच्यावरून बारीक धारेने सोडा. पाच सेकंद हात लावायचा नाही. मग एकदाच फिरवा, रेशमी धागे तयार होतात. लगेच ढवळलं तर गढूळ पाणी होतं, ते मी दोनदा प्यायलोय.

जाता जाता सांगतो, आपल्या गावाचा चीनशी संबंध गाडीच्या फार आधीचा. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. जवळून जाणं झालं की मला उगाच वाटतं, त्यांना तिकडच्या पेजेत कण्या आठवल्या असतील का?

चौथा आठवडा: गवती चहाची थाई करी

हिरव्या वाटणाला चार हिरव्या मिरच्या, लसणाच्या सहा पाकळ्या, इंचभर आलं, कोथिंबिरीचे देठ (पानं नव्हे, वास देठात जास्त), छोटा चमचा भाजलेले धने-जिरे आणि लिंबाच्या सालीचा फक्त हिरवा भाग किसून. पांढरा भाग आला की कडवट होतं. गवती चहाच्या बुडख्याचा कोवळा भाग वाटणात घ्या. वरच्या पात्यांची गाठ मारून करीत सोडा आणि वाढताना काढून टाका, ती चावली जात नाहीत.

नारळाचं दूध जपून. दाट दुधात संपृक्त चरबी बरीच, म्हणून मी तीन वाट्या दुसरं, पातळ दूध घेतो आणि पहिलं दाट दूध अर्धी वाटी शेवटी. दोन चमचे तेलात वाटण मंद आंचेवर परता, कच्चा वास गेला की पातळ दूध, दुधी, फरसबी, गाजर आणि मशरूम घाला. भाजी शिजली की सोया सॉस एक टेबलस्पून, थोडा गूळ, टोफू आणि दाट दूध. यानंतर उकळी फुटू देऊ नका, दूध फाटतं. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा.

थाई लोक परतलेल्या एका प्रसिद्ध पदार्थात चक्क आपली तुळस घालतात. मी आईला हे सांगितलं तर तिने वृंदावनाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. विषय तिथेच संपला. करीत सब्जाची पानं घाला, सब्जा थाई बेसिलच्याच जातीचा आहे आणि घरात शांतता राहते.

उरलेल्या भाताबाबत हयगय नको. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेल्या भातात ते झपाट्याने वाढतात. त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात पसरून गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी संपवा. उघडलेली सोया सॉसची बाटलीही फ्रीजच्या दारात ठेवा.

करी किंवा सुपाबरोबर काय, हा प्रश्न आमच्याकडे अण्णांनी सोडवला. कडक भाकरी पापडासारखी मोडून तुकडे वाटीत टाकतात. सगळे एकदम नाही, चार-चार. दोन मिनिटांत भाकरी रस पिते आणि मऊ पडते, म्हणून कुरकुरीत हवी असेल तर टाकल्या टाकल्या खायची.